चुलीशेजारी शेकलेला व्हॉल्व

चंद्रकलाताई आज संध्याकाळी मुंबईच्या रेडिओवर ओव्या गाणार होती, आणि आमच्या टोकावडे गावात रेडिओ नव्हता. ही अडचण मी फारशी मोठी मानली नाही. माझी आई बाईजा हिने मात्र मानली. लेक लग्न होऊन मुंबईला गेली ती गेलीच. तिचा आवाज एकदा कानी पडावा म्हणून आई सकाळपासून उपाशी होती, आणि आम्हालाही जेवू देत नव्हती.

यमाजीकाका मुंबईत रेडिओच्या दुकानात पेट्या उचलायचा. त्याच्याकडून सुटे भाग आणून मी यंत्र जोडलं: तारेचं वेटोळं, कानाला लावायचा एक फोन आणि दोन आंब्यांमध्ये ताणलेली लांबलचक तार. वर काकाने दोन चिजा दिल्या होत्या. एक दिव्याच्या बल्बसारखा काचेचा व्हॉल्व, एक काळा चकाकता खडा.

"दोन्ही डायोडच," काका बोलला होता. "मासे धरायचा सापळा कसा, मासा आत जातो, मागं फिरत नाय? तशी ईज एकाच बाजूनं सोडायची. कोणता लावायचा ते जागा बघून ठरव."

जागा मी बघितली. अंगणात अख्खा गाव जमला होता. एवढ्या माणसांना दगड काय दाखवायचा? दगड आमच्या शेतात देवानेच पुरवलेत. मी व्हॉल्व लावला.

यंत्र गप्प.

"काय झालं रे लडकू?"

"हा तापल्याबिगर चालत नाय, आये."

"मंग आधी सांगायचं नाय?" तिने व्हॉल्व उपटला आणि कोंबडीच्या पिलासारखा चुलीशेजारी उबेला ठेवला. आतली तार बॅटरीने तापवायची असते हे काका बोलला होता. चूल चालत नाही असं काही तो बोलला नव्हता. शेजारच्या सकुबाईने भोवती भाताचा कोंडा घालायला सांगितला. तिच्या वाळू नावाच्या पोराने फुंकणी फुंकली. व्हॉल्व झकास तापला आणि टचकन तडकला.

गुरं परतली. ताईची वेळ झाली.

उरला खडा. त्याला बॅटरी नको, ऊब नको. फक्त बारीक तारेचं टोक नेमक्या जागी टेकवायचं. ती जागा खडा कोणाला सांगत नाही. मी टोचत सुटलो. खर्र. काही नाही. पुन्हा खर्र. आणि एकदम फोनमध्ये माणूस बोलला!

"आला! आला!" गावाने उड्या मारल्या. तार सरकली. माणूस गेला.

"आता जो हालंल त्याला उखळात घालीन," आई बोलली. तिचं उखळ मोठं आहे, सगळ्यांना माहीत होतं.

मी पुन्हा जागा धरली. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोन तांब्याच्या हंड्यात सोडला आणि हंडा गाऊ लागला. बारीक, पण ताईच! वाळूच्या नाकावर माशी बसली; त्याने बसू दिली. सकुबाईने शिंक गिळली. आई हंड्यावर वाकून, डोळे मिटून ऐकत राहिली. शेवटची ओवी झाली, तसा गाव फुटलाच. टोप्या उडाल्या, आंबा हलला, तार तुटली.

"ऐकलंस ना, आये?"

"ऐकलं." तिने डोळे पुसले आणि परात ओढली. "चंद्री जेवली नाय. शेवटच्या ओवीला दम पुरला नाय तिला. सकाळच्या मोटारीनं भाकऱ्या घेऊन जा."

मुंबईहून भूकसुद्धा ऐकू आली! व्हॉल्वने एवढं बारीक दिलं असतं असं मला वाटत नाही.

भाकऱ्यांतल्या दोन काकासाठी होत्या. तडकलेल्या व्हॉल्वच्या बदल्यात तो त्या घेईल, असं आईचं म्हणणं आहे.