डाव्या कानातला गंधार

मंगळवारी संध्याकाळी आम्रपालीने गंधार लावला आणि तो दोन ठिकाणी वाजला.

उजव्या कानात तो जिथे असायला हवा तिथेच होता. डाव्या कानात मात्र किंचित चढा आणि कोरडा, कुणी रिकाम्या डब्यात तोंड घालून गावं तसा. ती मध्येच थांबली. पेटीवर बसलेल्या कृष्णरावांनी वर पाहिलं.

"काय झालं व?"

"काही नाही काका. परत घेते."

दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा तिने डाव्या कानावर तळहात दाबला. मग सूर एकच राहिला.

कृष्णराव मेश्राम पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून निवृत्त झाल्यावर जुनवानीतल्या घरी गाणं शिकवत. आम्रपाली अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची. आई गेल्यावर तिला आईवर एक गाणं करायचं होतं, आपल्या शब्दांत आणि आपल्या चालीत. म्हणून वर्षभर ती मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्याकडे येत होती. पहिल्याच दिवशी ती चार पानं लिहून घेऊन आली, तेव्हा कृष्णराव म्हणाले होते, "आधी मात्रा मोज. रडाचं मंग पाहू." आता मुखडा झाला होता: 'भोंग्याआधी उठे माय, भोंग्यानंतर निजे.' दोन अंतरेही बसले होते. येत्या रविवारी आईच्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला विहारात ती ते म्हणणार होती.

मंगळवारी घरी जाताना तिने त्या दोन गंधारांचं कारण शोधून काढलं. आदल्याच आठवड्यात काकांनी सांगितलं होतं की पेटीचा गंधार थोडा चढा असतो आणि तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप निघतो तो खरा. तिने तेव्हाच गणित करून पाहिलं होतं. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर फरक जवळपास चौदा भागांचा येतो. म्हणजे आता आपला कान तयार झाला, एक कान पेटी ऐकतो आणि दुसरा आपला गळा. कारण इतकं नेटकं होतं की तिला बरं वाटलं.

त्या कारणात एक गोष्ट बसत नव्हती. रविवारी सकाळी उठल्यापासून डावा कान भरल्यासारखा होता आणि आत एक बारीक शिट्टी सतत चालू होती. तिने ते वडिलांना, भय्याजींना, सांगितलं होतं.

भय्याजी हसले होते. "कान वाजते? अवं, आमचे तं तीस वर्सापासून वाजून राहिले. पेन्शनसंगच भेटते ते."

ते खोटं नव्हतं. भय्याजींच्या वयाच्या मिलमधल्या सगळ्यांचेच कान वाजायचे. संध्याकाळी बाकावर बसलेले म्हातारे एकमेकांशी ओरडून बोलायचे आणि कुणाचा कान जास्त वाजतो यावर पैजा लावायचे. त्यासाठी कुणी डॉक्टरकडे गेल्याचं तिने ऐकलं नव्हतं. भय्याजींनी लसूण घालून तेल कोमट केलं आणि तिच्या कानात दोन थेंब सोडले. विषय तिथे संपला.

बुधवारी स्टाफरूममध्ये फोन आला. तिने तो सवयीने डाव्या कानाला लावला. पलीकडचा माणूस बोलत होता, पण शब्द फाटून येत होते. तिने फोन उजवीकडे घेतला. शब्द लगेच नीट झाले.

गुरुवारी तिने मोबाईलवरच्या सूर मोजायच्या ॲपसमोर बसून वीस वेळा गंधार लावला. वीसही वेळा काटा मध्यावर थांबला. म्हणजे गळा बरोबर होता. पेटी तर समोर नव्हतीच. चूक होऊ शकेल अशी तिसरी एकच गोष्ट उरत होती. आम्रपालीने ॲप बंद केलं. कानाबद्दल काही शोधायला म्हणून तिने दोन शब्द टाइप केले आणि तेही पुसून टाकले.

शुक्रवारी ती ठरवून गेली की काकांना काही कळू द्यायचं नाही. रविवार झाला की दाखवू.

दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत निभावलं. मग कृष्णरावांनी भाता सोडला.

"डाव्या कानावरचा हात काहाले निघून नाई राहिला तुहा?"

"सूर नीट ऐकू येतो काका."

"मंग आता उजवा झाक. डोळे मीट. मी वाजवतो, तू सूर सांग."

तिने उजव्या कानात बोट घातलं. एक सूर आला, लांबून, कडा झिजलेला.

"मध्यम."

"हं. आता?"

"...मध्यमच?"

ती पुढच्या सुराची वाट पाहत राहिली. काका पान चघळत असतील, असं तिला वाटलं. मग उशीर व्हायला लागला. तिने डोळे उघडले.

कृष्णरावांचं बोट वरच्या षड्जावर होतं. दुसरा हात भाता हलवत होता. पेटी वाजत होती. दारात कौशल्याकाकू तोंडावर पदर धरून उभ्या होत्या.

तिने बोट काढलं आणि तो सूर खोलीभर होता.

"दोन्ही वेळा गंधार होता," कृष्णराव हळू म्हणाले. "कधीपासून?"

"रविवारपासून."

"कोणाले सांगतलं?"

"बाबाले. ते म्हणाले, मिलवाल्यायचे सगळ्यायचेच वाजते."

"मिलवाल्यायचे!" कृष्णरावांनी पेटीचं झाकण आपटलं. "अन् तू कोणत्या मिलमधी होती व? तू तं शाळेत खडू घासते!"

एवढी साधी गोष्ट पाच दिवसांत आम्रपालीच्या डोक्यात आली नव्हती. मुलांनी असा निष्कर्ष काढला असता तर तिने वहीवर लाल रेघ मारली असती.

"मी मान वाकडी करून पेटी वाजवतो," काका म्हणाले. "सारे पोट्टे तशीच मान वाकडी करते. त्याईले वाटते गुरूची ढब हाय. मी काही बोलत नाही. माहा डावा कान मेला हाय, आम्रपाली. चौऱ्याण्णवपासून. असंच सकाळी उठलो अन् कान भरलेला. मले वाटलं, मिलचा आवाज. त्यात गाण्याची स्पर्धा होती. म्हटलं, स्पर्धा झाल्यावर दाखवू."

"मग?"

"पाच महिन्यानं दाखवलं. डॉक्टर म्हणाला, पंधरा दिवसाच्या आत यायले पाह्यजे होतं."

काकूंनी आतून चप्पल आणून काकांसमोर ठेवली. "डॉक्टरीन सात वाजेपर्यंत बसते. बोलत काय बसले? निघा न."

"काका, पण रविवारी आईचं..."

"गानं कुठं पळून नाही चाललं. चाल."

तिने स्कूटी काढली आणि काका मागे बसले. चौकापाशी एक ट्रक डाव्या अंगाने तिला घासून पुढे गेला. चाक दिसलं तेव्हाच तिला कळलं की तिथे ट्रक होता. मागून काकांनी तिचा खांदा घट्ट धरला. पुढचा रस्ता ती सारखी मान वळवून डावीकडे पाहत राहिली. जगाची ती बाजू मिटल्यासारखी वाटत होती.

दवाखान्यात नंबर यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात तिने काल पुसलेले शब्द पुन्हा टाइप केले आणि सगळं वाचलं. मळ असेल तर काही नाही, काढला की झालं. कानाची नस दुखावली असेल तर एकेक दिवस मोलाचा. ती मनात मळ, मळ म्हणत राहिली.

डॉक्टरने बॅटरीने आत पाहिलं. "कान तो साफ़ है. थोड़ा तेल है बस." मग ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर मारून त्याचा दांडा आम्रपालीच्या कपाळावर मधोमध टेकवला.

"आवाज़ किस तरफ़ आ रही है?"

हाडातून आवाज कसा जातो, हे ती दरवर्षी मुलांना शिकवायची. नुसता अडथळा असला तर आवाज बंद कानाकडे जातो. नस गेली असली तर चांगल्या कानाकडे. ती श्वास रोखून डावीकडे ऐकत राहिली. डावीकडे यावा म्हणून तिने मूठ आवळली. आवाज उजवीकडे होता, अगदी स्पष्ट. 'लेफ्ट' हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. आयुष्यात तिने कधी खोटं रीडिंग लिहिलं नव्हतं.

"राइट," ती म्हणाली.

आतल्या काचेच्या खोलीत आलेख काढला. डाव्या कानाची रेघ पायऱ्या उतरत खाली गेली होती. डॉक्टरने स्टेरॉइडच्या गोळ्या लिहिल्या, पहिली तिथेच घ्यायला लावली. कधी पूर्ण परत येतं, कधी अर्धं, कधी येतच नाही. दहाव्या दिवशी पुन्हा आलेख. "पाँच दिन में आ गईं, ये अच्छा किया." बाहेर बसलेल्या काकांना तिने हे वाक्य तेवढं सांगितलं.

रविवारी विहारात वंदना झाली, गाणं झालं नाही. लाऊडस्पीकरपासून लांब, ती शेवटच्या रांगेत बसली.

सोमवारी सकाळी ती ओट्यापाशी गोळी घेत होती. भय्याजी तिच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले. शुक्रवारपासून ते तिच्याशी नीट बोलले नव्हते. तेलाची ती वाटीही त्यांनी कुठेतरी लपवून ठेवली होती.

"चहा देतं का?" ते म्हणाले.

तिचा हात थांबला. ऐकू आलं होतं. डाव्या कानातून आलं होतं का? की उजवा मोकळा होता म्हणून? की रोज सात वाजता ते हेच म्हणतात, म्हणून तिच्या डोक्यानेच शब्द भरून घेतले?

"बाबा," ती म्हणाली, "तिथंच उभे राहा. मी उजवा कान बंद करते. मग काहीतरी बोला. हळू बोला. पण मले माहीत नसन असं काहीतरी."

"म्हंजे काय बोलू?"

"कायबी. रोजचं नको."

भय्याजी डोकं खाजवू लागले. रोजचं सोडून काय बोलावं, हे त्यांना सुचत नव्हतं. तिने कानात बोट खोल घातलं आणि ओठ दिसू नयेत म्हणून डोळे मिटले.

आत शिट्टी चालू होती. तिने मनात आकडे मोजले. पाच झाले, दहा झाले, वीस झाले. बाबा अजून आठवत असतील. किंवा त्यांचं बोलून झालं असेल. डोळे उघडले की ते कळणार होतं, आणि तिचे डोळे उघडत नव्हते.