एकाच मापाची गोळी

सर्वांना समान माप देणे म्हणजे न्याय, असे मनुष्य मानतो. देहाला तो न्याय मान्य नसतो. आणि हे न ओळखणाऱ्याचा अपराध, हेतू शुद्ध असला तरी, अपराधच राहतो.

औरंगाबादच्या एका दवाखान्यातले कंपाउंडर दत्तोपंत बाटलीला मापाची कागदी पट्टी चिकटवीत असता दारात आवडाबाई उभ्या राहिल्या. क्षयाचे उपचार संपल्यानंतर सात वर्षांनी त्या प्रथमच येत होत्या. उजव्या पायात वहाण होती, डावा उघडा.

"दुसरी वहाण कुठं?"

खाली पाहून त्या हसल्या. "गळाली जणू मोटारस्टँडवर. पायाला कळतंय व्हय? आमच्या मालकावाणीच हाय, एका जागी ठरत नाय. त्यान्लाच खोकल्याचं औषध पायजे."

दत्तोपंतांच्या हातातली पट्टी तशीच राहिली. क्षयाच्या त्या उपचारांत आवडाबाई व त्यांचे पती कडूबा, दोघांनाही एकच गोळी चालू होती. तिसऱ्या महिन्यात त्या म्हणाल्या होत्या, "तळपायाला लई मुंग्या येत्यात." दत्तोपंत उत्तरले होते, "कडूबाही तीच गोळी घेतात. त्यांना कुठं काय होतं?" डॉक्टरांपर्यंत ते गाऱ्हाणे पोचलेच नाही.

पुढे नव्या डॉक्टरांनी उलगडून सांगितले : एकाचे यकृत तीच गोळी लवकर विघटित करते, दुसऱ्याचे सावकाश; मग ती गोळी रक्तात साचते आणि नसांना बाधते. जीवनसत्त्वाची गोळी वेळीच दिली, तर पाय वाचतात. तेव्हापासून दत्तोपंत पडशाच्या रोग्यालाही विचारीत, "पायांना मुंग्या येतात का?" लोक हसत. त्यांना मात्र प्रत्येक उत्तराआधी आवडाबाईंचा तोच जुना आवाज ऐकू येई.

"आवडाबाई, तुमचे पाय माझ्यामुळे गेले," ते म्हणाले, आणि सारे सांगितले.

त्यांनी आपल्या उघड्या पायाकडे पाहिले.

"मी बोलले व्हते तुमाला."

"बोलला होतात."

"मंजी मी खोटी नव्हते." "सात साल घरचे म्हणत्यात, बाई सोंग करती. कंपोंडर, येता का घरी? तुमच्या तोंडानं सांगाया?"

"आत्ताच येतो."

दत्तोपंतांनी आपली वहाण त्यांच्या डाव्या पायात घातली, बँडेजच्या पट्टीने बांधली. गाठ आवळली तर तो पाय सांगणार नव्हता; म्हणून पट्टीखाली बोट घालून दोनदा पाहिले. मग दत्तोपंत आपल्या एका अनवाणी पावलाची, आवडाबाई न कळणाऱ्या पावलांची काळजी घेत, त्यांच्या गावी देवगाव रंगारीला जाणाऱ्या मोटारीकडे निघाले.

न कळणाऱ्या पावलांना वाट सांभाळून नेवो; आणि उशिरा कळलेल्यालाही ती घरापर्यंत पोचवो.