हळदीचं बोट

कावेरीला कोल्हापूरच्या नर्सिंगच्या शाळेत जागा मिळाल्याचं पत्र आलं, ते अप्पांनी आधी मनात वाचलं आणि मग वर्गात धडा वाचावा तसं मोठ्याने वाचलं. अप्पा म्हणजे कावेरीचे वडील, गुरुदास मास्तर. मालवणजवळच्या त्या गावात मराठी शाळेचे हेडमास्तर. कुठलाही कागद खड्या आवाजात वाचल्याशिवाय त्यांना तो खरा वाटत नसे. बारावी झालेल्या मुलीचं पुढे काय, हा घोळ घरात कधीचा चालला होता. तो एका पाकिटाने मिटला, असं बिचाऱ्यांना वाटलं.

पाकिटात आणखी एक कागद होता. पहिल्या वर्षाला येताना काय काय आणायचं, त्याचा. अप्पा तोही त्याच आवाजात वाचत सुटले. पांढऱ्या, बिनकाठाच्या सुती साड्या चार. पांढरी पोलकी. पांढरे कॅनव्हासचे बूट. सेकंदकाट्याचं घड्याळ. कावेरीची आई, सीता, आत चुलीपाशी पेज ढवळत होती. पांढऱ्या साड्या ऐकून तिचा हात थांबला. हातात बांगड्या घालायच्या नाहीत, हे ऐकून ती उठली. केसात फूल माळायचं नाही, इथवर अप्पा पोहोचले तेव्हा ती पळी हातात घेऊन पडवीत उभी होती.

"ह्यां काय?" ती म्हणाली. "माझा चेडू शिकाक जाता काय रांडाव होवक?"

"अगो, तो गणवेश आसा," अप्पा म्हणाले. "शाळेत पोरां खाकी चड्डी घालतत, ती काय पोलीस झाली?"

"तुमी गप ऱ्हवा."

पडवीच्या कोपऱ्यात अक्का फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. अक्का अप्पांची थोरली बहीण. इन्सुलीला दिली होती. नवरा लवकर गेला आणि ती भावाच्या घरी परत आली, तेव्हा कावेरीचा जन्मही झाला नव्हता. तेव्हापासून अंगावर पांढरं आणि हात मोकळे. सीता जे जे म्हणून नको म्हणत होती, ते सगळं तिथे कोपऱ्यात आठळ्या सोलत होतं. पण हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. कावेरीच्याही नाही. तिचा सगळा जीव अप्पांच्या हातातल्या कागदात अडकला होता.

"धाडूचा तर धाडा," सीतेने शेवटचं सांगून टाकलं. "मी कोण आडवणारी? पण पांढरां लुगडां मी ह्या हातान घेवचंय नाय. आणि तां घेवन ती भायर पडात, तेव्हा तिच्या हातार धंय घालूचंय नाय."

कावेरीचा चेहरा पडला तो या दह्यामुळे. पहिलीच्या तोंडी परीक्षेपासून बारावीच्या प्रॅक्टिकलपर्यंत आईने तळहातावर दही घातल्याशिवाय तिने उंबरा ओलांडला नव्हता. "धंयावाचून कोण नापास झालो नाय," असं अप्पा म्हणाले, पण ते दुसऱ्यांच्या मुलांना सांगायला ठीक. घाटावर, परक्या गावात, आजाऱ्यांच्या आणि मेलेल्यांच्या सोबतीने साडेतीन वर्षं काढायची आणि आईचं दही नाही? कावेरीला जायचं होतं, जिवापाड जायचं होतं. पण आईच्या मनाविरुद्ध गेलं तर आपण टिकणार नाही, असंही तिला मनातून वाटत होतं. मुली असं बोलून दाखवत नाहीत. 

तयारी मात्र चालू राहिली. बूट मालवणच्या बाजारात मिळाले. पत्र्याची ट्रंक रंगवून झाली. अप्पांनी मनगटावरचं घड्याळ सोडून तिला दिलं आणि स्वतः शाळेच्या घंटेवर भागवू लागले. कावेरी दिसेल त्याचा हात धरून नाडी मोजायची. शेजारच्या काशीबाई ताक मागायला आल्या तर त्यांचीही मोजली. काशीबाईंनी हात देऊ केला आणि जिभेलाही मोकळं सोडलं: "हात बघूक शिकलंस तां बरां झाला गो. पण पांढऱ्या कपड्यातली नोवरी बघूक कोण येतलो?" सीतेने ताक दिलं, पण त्या दिवशी वाटी भरून दिली नाही.

राहिल्या साड्या. अप्पांना कापडातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि सीता बाजाराचं नाव काढू देत नव्हती. शेवटी अक्काच म्हणाली, "मी हाडतंय." दत्ताराम शेटच्या दुकानात तिला काही मागावं लागत नसे. ती पायरी चढली की शेट पांढरं ठाण खाली काढायचा. त्या दिवशी तिने पाच साड्या घेतल्या. चार कावेरीच्या आणि चतुर्थी तोंडावर आली होती म्हणून एक स्वतःची. नऊवारी झेपेनाशी झाल्यापासून तीही पाचवारीच नेसायची, तेव्हा पाचही एकाच ठाणातल्या, एकसारख्या. तिने गठ्ठा आणून तसाच ट्रंकेवर ठेवला आणि परसात गेली.

मग अक्काने कावेरीला कामाला लावलं. पांढरं कापड या मुलखात पांढरं राखणं म्हणजे रोजची मारामारी. बाहेर पाऊल टाकलं की तांबडी माती घोट्यापर्यंत. नीळ किती घालायची, पेजेच्या निवळीची खळ कशी करायची, तांब्यात निखारे घालून इस्त्री कशी फिरवायची, हे सगळं तिने आपल्या जुन्या साडीवर करून दाखवलं. जुनी साडी झटकताना कावेरीला एकदम काहीतरी उमगलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"अक्का, आवशीचो तुका राग येणा नाय?"

"कशाक?"

"ती पांढऱ्याक काय काय बोलता. तुज्या समोर."

अक्काने निळीच्या पाण्यात हात फिरवला. "भियाता गो ती. रोज माका बघता मगे."

कावेरीने साडी निळीत बुडवली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ट्रंक भरायला म्हणून कावेरीने साड्यांचा गठ्ठा उघडला आणि किंचाळलीच. प्रत्येक साडीच्या एका टोकाला ओल्या हळदीचं बोट लागलेलं होतं. चांगलं ठसठशीत, पिवळंधमक. नवं कापड हळदीचं बोट लावल्याशिवाय अंगाला लावायचं नाही, ही त्या घरची रीत. अप्पांचं धोतर असो की साधा पंचा, त्याला हळद लागलीच पाहिजे. सकाळी सगळे देवळात गेले असताना सीतेने कोणालाही न सांगता गठ्ठा सोडला होता आणि चुपचाप आपलं काम करून पुन्हा बांधून ठेवला होता.

आईने पांढऱ्या साडीला हात लावला, हे कावेरीच्या ध्यानातच आलं नाही. तिला दिसत होती ती नर्सिंगच्या शाळेतली न पाहिलेली मेट्रन. "आये, ह्यां काय केलंस?" म्हणत तिने एक साडी उचलली, न्हाणीत नेली आणि साबण घासला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कोणाला ठाऊक नसतं? पण घाईत अक्कल गहाण पडते. पिवळं बोट लालभडक झालं आणि पसरलं. आता ते हळदीसारखंही दिसेना. कावेरी ओल्या साडीचा बोळा मांडीवर घेऊन न्हाणीच्या दगडावर बसली आणि रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, आवाज काढून.

सीता दारात येऊन उभी राहिली. तिच्या तोंडावर भांडण नव्हतं. "माका वाटला," ती म्हणाली, "हळद लागली काय मगे तां तसला पांढरां ऱ्हवणा नाय."

कावेरीने रडायचं थांबवलं. आई बोलली ते तिला समजलं, आणि आता तर तिला आणखीच रडू यायला लागलं.

आरडाओरडा ऐकून अक्का परसातून आली. तिने ओली साडी हातात घेऊन दोन्ही टोकं बघितली. "ह्येका काठ आसा?"

"नाय."

"पदर विणलेलो आसा?"

"नाय."

"मगे रडतंस कित्याक? ह्या टोकाक आणि त्या टोकाक फरक काय? ह्यां कमरेक खोव आणि दुसरां घे खांद्यार." आणि आतून एक कोरडी साडी आणून तिने कावेरीला परकरावर नेसवायलाच घेतलं. हळदीचं टोक बेंबीजवळ आत गेलं, त्यावर निऱ्या आल्या, आणि खांद्यावर पडला तो पदर दुधासारखा स्वच्छ. काठ नाही, पदर नाही म्हणून सीतेने इतके दिवस टिपं गाळली होती, ते नसणंच शेवटी उपयोगी पडलं. कावेरीला हसू फुटलं. तेवढ्यात सीता खाली बसली आणि मुलीच्या पायाशी निऱ्या ओढून सारख्या करू लागली. मालवणच्या बाजारापासून कोल्हापूरच्या मेट्रनपर्यंत सगळ्यांशी तिने त्या दोन हातांनी तह करून टाकला.

बाकीच्या साड्यांची घडी घालताना तिने नेसलेली आणि ओली धरून सगळ्या मोजल्या. "ह्यो पाच कश्यो?"

"एक माझी," अक्का म्हणाली. "चवथीची."

सीतेच्या हातातली घडी तिथेच राहिली. अक्काच्या साडीला त्या घरात कधी हळद लागली नव्हती. लागत नसते. बायकांत हळद सवाष्णींची आणि कुवारणींची. ती कोणाच्या साडीला लागू नये, हे कोणी कोणाला शिकवावं लागत नाही, आणि सीतेने तर आज आपल्या हाताने लावली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"वन्सं, माका ठावक नव्हता. देवाशपथ ठावक नव्हता. मी काढतंय ती हळद."

अक्काने तिच्या हातातली साडी आपली म्हणून घेतली. "र्‍हवांदे. साबण लावलंस तर लाल होतली, बघलंस मगे. ती जावक ऊन होया. श्रावणात ऊन खंय आसा?" असं म्हणून ती साडी छातीशी धरून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक पडवीत आली. सीतेने देवापुढे दिवा लावला आणि कावेरीच्या तळहातावर दही घातलं, चांगलं चमचाभर, वर साखर. कावेरीने ते खाल्लं, हात चाटला, आणि नमस्कारासाठी अक्काला शोधू लागली. अशा वेळी अक्का कधी पुढच्या दारी नसे. कोणी शुभकामाला निघालं की तिला हमखास परसात काम आठवायचं.

ती विहिरीपाशी होती. अंगावर नवी साडी. चतुर्थीची साडी चतुर्थीआधीच निघाली होती. कावेरी वाकली तशी तिची नजर अक्काच्या पदरावर गेली. पदर स्वच्छ होता, कुठे पिवळा ठिपका नाही.

"अक्का, हळद गेली?"

"खंयची हळद?" अक्का म्हणाली आणि कमरेशी खोचलेलं टोक तिने बोटाने आणखी आत दाबलं. "जा बेगीन. फोंड्याच्या घाटात गाडी लागता तुका. लिंबू घेतलंस?"

कावेरीने लिंबू घेतलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा कोकणात कडक ऊन पडलं होतं. तिच्या चारही साड्यांवरची हळद कोल्हापूरच्या वसतिगृहाच्या गच्चीवर उन्हात वाळता वाळता कधीच उडून गेली होती. हातपाय धुवायला ती मागच्या दारी गेली. दोरीवर अक्काची पांढरी साडी वाळत होती. सगळी साडी उन्हात होती, फक्त एक टोक दुमडून वळचणीच्या सावलीत घेतलेलं होतं.