बत्तीस नंबरचा कागद

बावीस वर्षं प्रेमला गायकवाडने दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या, आणि बावीस वर्षांत एकदाही तिची सही नकाशावर उमटली नाही. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ती ट्रेसर होती. साहेबांनी पेन्सिलने आराखडा काढायचा, प्रेमलाबाईंनी त्यावर आरपार दिसणारं ट्रेसिंगचं कापड पसरून तो शाईत उतरवायचा आणि मग ‘काढले’, ‘तपासले’, ‘मंजूर’ अशा तीन रकान्यांत तीन साहेबांनी झोकात सह्या ठोकायच्या. ट्रेसरला रकानाच नव्हता! साहेबांच्या चुका तिने किती वेळा गुपचूप निस्तरल्या, त्याची दखल कोण घेतो? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

मग कॉम्प्युटर आले, ड्रॉइंगची टेबलं भंगारात गेली आणि प्रेमलाबाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा कुणाची, ते विचारू नका.

पण बाई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. सत्तेचाळिसाव्या वर्षी हडपसरला गाडीतळाजवळच्या एका कंपनीत चिकटली. साल दोन हजार. कंपनीचं काम असं, की परदेशातून जुन्या नकाशांच्या सीड्या यायच्या आणि इथली पोरं ते कॉम्प्युटरवर नव्याने उतरवायची. पोरं पंचविशीतली, हुशार, पण नकाशा कापडावर असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचं काम तपासायला जुन्या हाताचं कुणीतरी हवं, म्हणून प्रेमलाबाई. तीन महिने कच्ची नोकरी. तपासायचं तिने, सही टीम लीडर रोहनची. म्हणजे नागोबा इथेही होताच, फक्त जीन्स घातलेला.

या वेळचं काम नेहमीचं नव्हतं. इजिप्तच्या वाळवंटात बेचाळीस साली लढाई झाली, तेव्हा इंग्रजांनी रणगाडे अडवायला भूसुरुंग पुरले होते. त्या पेरणीचे चाळीस नकाशे होते. अठ्ठावन्न वर्षं झाली तरी सुरुंग तिथेच होते, आणि आता लंडनच्या एका कंपनीला त्यातून रस्ता न्यायचा होता. सुरुंगांच्या रांगांमधून त्या वेळच्या सैनिकांनी आपल्या गाड्यांसाठी एक मोकळी वाट राखली होती. रस्ता त्याच वाटेने जायचा होता. बुलडोझर सोमवारी सकाळी सुरू होणार होता.

शुक्रवारी दुपारी रोहन चाळीस कागदांचा गठ्ठा घेऊन तिच्या टेबलाशी आला. चेहऱ्यावर हसू.

“काकू, गुड न्यूज. मी सरांशी बोललोय. या सेटवर ‘तपासले’मध्ये सही तुमची. सोमवारपासून तुम्ही पर्मनंट.”

बावीस वर्षं! प्रेमलाबाईंनी पेन हातात घेतलंसुद्धा. पण सवय म्हणजे सवय, सही करायच्या आधी तिने सगळे कागद परत एकदा पाहायला घेतले. एकतीस बरोबर. बत्तिसाव्यावर बोट थांबलं.

मोकळी वाट याच कागदावर होती. या कागदाच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, त्यामुळे त्यावर एक अक्षरही शिल्लक नव्हतं. चार कोपऱ्यांत चार फुल्या आणि मधे सुरुंगांचे बारीक गोल, एवढंच. तिने मूळ स्कॅन काढून पाहिलं. रेघा इतर कागदांपेक्षा फिकट होत्या, आणि गोल... गोल चमत्कारिक होते.

“रोहन, हे उलट्या बाजूने स्कॅन झालंय,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“ट्रेसिंगचं कापड आरपार दिसतं. एका बाजूने शाई, दुसऱ्या बाजूने तिची सावली. तिकडच्या कुणीतरी कापड पालथं टाकलंय. अक्षरं असती तर लगेच कळलं असतं. डावं उजवीकडे गेलंय. ही मोकळी वाट इथे नाहीच आहे. ही पलीकडे हवी.”

रोहनने घड्याळ पाहिलं. “काकू, रेघा फिकट आहेत कारण कागद जुना आहे.”

“चाळीसही जुनेच आहेत. आणि हे बघ. या माणसाच्या पेनाला खोड आहे. गोल पूर्ण करताना शेपूट सुटतं. एकोणचाळीस कागदांवर शेपूट उजवीकडे. या एकट्यावर डावीकडे.”

“हा दुसऱ्या कुणी काढला असेल. डावखुरा असेल तो.”

“आणि त्याच्याही पेनाला तीच खोड? वा रे वा!”

“काकू, प्लीज,” रोहनचा आवाज चढला. “लंडनचे सर्व्हेअर त्या वाटेवरून दोनदा चालत गेलेत. मशीन फिरवून आलेत. काही नाही झालं. चालून आलीयेत माणसं, अजून काय प्रूफ हवं? मूळ कापड तिकडच्या कपाटात आहे, ते सोमवारी उघडणार. तोवर थांबलो तर क्लायंट जाईल. सही करायची नसेल तर मी करतो. पण मग तुमचं पर्मनंट वगैरे मी काही बोलू शकणार नाही.”

घरी प्रेमलाबाईंचा एकटीचा पगार नव्हता, नवरा आनंद एसटीच्या स्वारगेट डेपोत होता, पण ही नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार? आणि ती सही! हात अक्षरशः शिवशिवत होता.

“उद्या सकाळी दहापर्यंत थांब,” ती म्हणाली. “बुलडोझर सोमवारी आहे ना? मग उद्या दहापर्यंत जग बुडत नाही.”

पेनला टोपण घालून ती निघाली, बत्तिसाव्या कागदाची प्रत पिशवीत घालून. बसमध्ये उभ्याने येताना तिला एकच प्रश्न छळत होता. माणसं चालून गेली, ते खरंच आहे. मग आपणच चुकत असलो तर?

घरी सासरे चहाची वाट बघत बसलेले. सुभेदार रंगराव गायकवाड, सॅपर, म्हणजे फौजेत सुरुंग पेरणारे आणि काढणारे, पासष्ट आणि एकाहत्तर दोन्ही लढाया केलेले, आणि शेवटची सात वर्षं खडकीला जवानांना सुरुंग शिकवणारे. वय सत्तर, आवाज परेड ग्राउंडचा. पर्वतीच्या त्या सगळ्या आळीत सुरुंगांचा इतिहास ऐकला नाही असा माणूस उरला नव्हता. लोक त्यांना पाहून रस्ता बदलत. प्रेमलाबाईही भाजी निवडता निवडता एका कानाने ऐकायची, दुसऱ्याने सोडायची. आज पहिल्यांदा तिने स्वतःहून विचारलं.

“मामा, सुरुंगावरून माणूस चालत गेला आणि काही झालं नाही, तर तिथे सुरुंग नाही असं धरायचं का?”

म्हातारा खुर्चीत सरळ झाला.

“कुठला सुरुंग? माणसाचा का टँकचा?”

“टँकचा.”

“कुठल्या गाढवाने सांगितलं तुला?”

झालं! कपातला चहा तसाच राहिला. रंगरावांनी सुरुवात पार पहिल्या महायुद्धापासून केली. इंग्रजांचे टँक आले तसे जर्मन हबकले आणि त्यांनी तोफेचे गोळेच तोंड वर करून जमिनीत पुरले. मग लाकडी खोकी केली. पुढच्या लढाईत परातीएवढे लोखंडी डबे आले. लोखंड हुंगणारं यंत्र निघालं, तर परत लाकूड, मग प्लॅस्टिक.

“यंत्र चोरावर मोर, तर सुरुंग मोरावर चोर,” म्हातारा म्हणाला. “आणि वाळू काय एका जागी राहते? साठ वर्षांत दोन हात चढली, तर यंत्राला काय कपाळ ऐकू येणार? पण सगळ्यांत एक गोष्ट बदलली नाही पोरी. टँकचा सुरुंग माणसाला विचारतच नाही. दीड-दोनशे किलोचा दाब पडल्याशिवाय तो जागा होत नाही. माणूस चालला, शेळ्या चालल्या, तो आपला पडून. त्याला हवी अवजड गाडी.”

“बुलडोझर?” प्रेमलाबाईंनी विचारलं.

“बुलडोझर म्हणजे त्याचा जावईच. साठ वर्षं वाट बघतोय तो.”

तिने पिशवीतून कागद काढला, खिडकीच्या काचेवर पालथा धरला. संध्याकाळचं ऊन कागदातून आलं. शेपटं सगळी उजवीकडे झाली. मोकळी वाट सरकून पलीकडे गेली, आणि रस्ता जिथून जायचा तिथे सुरुंगांच्या तीन रांगा आल्या. रंगरावांनी चष्मा लावून कितीतरी वेळ पाहिलं.

“हा नकाशा काढणारा माझ्यासारखाच कुणी असणार,” ते हळू म्हणाले. “सुरुंग दुश्मनासाठी असतो. कागद आपल्या माणसासाठी असतो. उद्या मी येतो तुझ्या हापिसात.”

शनिवारी पावणेदहाला हडपसरच्या त्या काचेच्या ऑफिसात सुभेदार रंगराव दाखल झाले. कोट, छातीवर पदकं, हातात पिशवी. रिसेप्शनवरची पोरगी न विचारताच उभी राहिली. रोहन बाहेर आला तो वैतागूनच.

“काकू, हे कोण?”

“माझे सासरे. पाच मिनिटं दे त्यांना.”

रंगरावांनी पिशवीतून उखळ काढलं, दगडी, घरचं. मग प्लॅस्टिकचा एक डबा काढला, त्यात तांदूळ. डबा जमिनीवर ठेवून त्यांनी रोहनला फर्मावलं, “यावर एक कागद ठेव. आता त्यावरून मुंगी चालव.”

“मुंगी?”

“नाही का सापडत? मग बोटं चालव.”

रोहनने बोटं चालवली. ऑफिसातली पोरं भोवती जमली होती.

“फुटला डबा? नाही. मग तुझ्या मते डबा इथे नाहीच. बरोबर?” म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी उखळ उचललं आणि सोडलं. धाडकन आवाज झाला. झाकणाच्या ठिकऱ्या उडाल्या, तांदूळ ऑफिसभर उधळले.

“तुझे सर्व्हेअर म्हणजे बोटं. हे उखळ म्हणजे सोमवारचा बुलडोझर. वर ड्रायव्हर बसलेला असतो, बाळ. त्यालाही घरी काकू असेल.”

रोहन तांदळांकडे बघत राहिला. मग त्याने बत्तीस नंबरचा कागद उचलला, स्वतःच खिडकीच्या काचेवर पालथा धरला आणि प्रत्येक गोलाचं शेपूट बोटाने मोजत गेला. सगळी उजवीकडे. त्याचं तोंड उतरलं.

“मी मेल टाकतो,” तो म्हणाला. “सरांना काय सांगायचं ते सांगतो.”

मेल गेला. काम थांबवा, मूळ कापड बघा, आणि प्रेमलाबाईंनी पालथ्या नकाशावरून खूण केलेल्या जागी खोल शोधा. लंडनहून शनिवारीच उत्तर आलं, दोन ओळींचं, चांगलंच तिरकस. काम दोन दिवस थांबवतोय, जबाबदारी तुमची. रोहनच्या सरांनी प्रेमलाबाईंना केबिनमध्ये बोलावून एवढंच सांगितलं, की चूक निघाली तर उद्यापासून येऊ नका. ती म्हणाली, “बरं.” दुसरं काय म्हणणार? पण रविवारी आनंदने आणलेल्या जिलब्या तशाच राहिल्या.

मंगळवारी दुपारी तीन वाजता रोहन जागेवरून ओरडला. नुसता ओरडला, शब्दच नाही. सगळे धावले.

लंडनचा मेल आला होता. कापड पालथंच स्कॅन झालं होतं. आणि ज्या वाटेवरून सर्व्हेअर दोनदा चालून गेले होते, त्या वाटेखाली, दोन हात वाळूच्या पोटात, सतरा सुरुंग निघाले होते. पहिला सुरुंग प्रेमलाबाईंच्या खुणेपासून दीड पावलावर. फोटो होता. परातीएवढे सतरा गंजके डबे रांगेत मांडलेले आणि शेजारी पिवळ्या बुलडोझरवर हात टेकून उभा मिशीवाला ड्रायव्हर, दात काढून हसतोय. मेलच्या शेवटी लिहिलं होतं, की सुधारलेला नकाशा पाठवा आणि तपासणाऱ्याचं पूर्ण नाव कळवा, ड्रायव्हर विचारतोय.

पोरांनी टेबलं बडवली, कुणी शिट्टी मारली. सर केबिनमधून बाहेर आले आणि टाळ्या वाजवायला लागले, जणू काही शनिवारी दुसराच कुणी बोलला होता. प्रेमलाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही.

रोहनने नव्याने छापलेला कागद तिच्यापुढे ठेवला. खाली चौकट. ‘काढले’मध्ये त्याने आपलं नाव टाकलं होतं. ‘तपासले’ कोरं होतं. त्याने स्वतःची खुर्ची ओढून तिला दिली.

“करा, काकू.”

तिने पर्समधून आपलं जुनं शाईचं पेन काढलं.

“काकू, बॉलपेन आहे ना,” कुणीतरी म्हणालं.

“असू दे तुझ्यापाशी.”

आणि तिने लिहिलं, आडनावासकट, मराठीत, एकही अक्षर न आखडता. प्रेमला आनंद गायकवाड. रोहनने घाईने कागद उचलायला हात पुढे केला, तशी तिने त्याच्या हातावर चापट मारली. शाई पुरती वाळेपर्यंत तिने त्या कागदाला कुणाला शिवू दिलं नाही.