पाचव्या जागेच्या अळ्या

फोन शेतातून आलेला. बाबा बोलतात, मधले शब्द नेटवर्क खातं.

‘सोयाबीनची पार — झाली. औषध आणून — हाय. मारून — काय?’

तरी अपर्णाला सगळं कळलं. झाडाचंही असंच, तिला वाटलं. अळ्यांनी पानं थोडी खाल्ली तरी त्याचं अडत नाही. किती खाल्ल्यावर अडतं, एवढंच ठरवायचं. नवा रायपुरात कृषी विभागात ती तेच ठरवते, लोकांच्या शेतांसाठी. हे शेत सिमगा गावाकडचं, तिच्या वडिलांचं, म्हणजे भैय्यालालचं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर घेतलेलं.

‘रुको ना बाबा, अभी मत मारो.’

‘मराठीत बोल ना वं पोट्टे.’

‘थांबा. आधी मोजा.’

‘शेजारच्यानं कालच मारलं. त्याच्या अळ्या का माह्या अळ्याहून वाईट हायेत?’

मागच्या साली फवारता फवारता बाबा बांधावर ओकले. छाती अजून भरून येते. मजूर लावत नाहीत, मास्क बांधत नाहीत. म्हणून अपर्णाला अळ्यांचा आकडा कमी हवा. पीक जाईल या भीतीनं बाबांना जास्त. दोघांनाही हे ठाऊक, म्हणून मोजण्याआधीच ठरलं: पाच जागा. दर जागी ओळींमध्ये पांढरी चादर, मीटरभर ओळीतली झाडं तिच्यावर झटकायची, पडलेल्या उंटअळ्या मोजायच्या. पीक फुलोऱ्यात, म्हणून मर्यादा मीटरमागे सरासरी तीन. पाच जागी मिळून पंधरा, तर फवारणी. चौदा, तर नाही.

चादरीचं दुसरं टोक आईकडे.

पहिली जागा. ‘तीन.’

दुसरी. ‘चार! पाहून घे, चार!’ बाबा खूश.

तिसरी. ‘तीन.’ मागून आई: ‘अहो तो कोळी हाय, अळी नाही. चष्मा लावा.’ म्हणजे दोन.

चौथी. ‘तीन.’

बारा.

पाचवी.

पानांची सळसळ. मग

‘—न.’

एवढंच आलं.

दोन

तीन

अपर्णा त्या एका ‘न’वर थांबली. दोन समजून फोन ठेवला असता तर कुणी विचारलं नसतं. तिला दोनच ऐकू आलं होतं. तिला हवं होतं तेच ऐकू आलं होतं, म्हणूनच तिचा विश्वास बसेना.

‘परत सांगा.’

‘—न!’

‘दोन का तीन?’

‘अवं, —न म्हणून राहिलो ना!’

तिला हसू फुटलं. जन्मभर या माणसानं तिला एकाच गोष्टीवरून टोकलं होतं.

‘बाबा, हिंदी में बोलो.’

पलीकडे वारा. चादर झटकल्याचा आवाज. औषधाच्या बाटलीशेजारी उभा असलेला, ज्याला तीन हव्या होत्या तो माणूस.

‘दो.’

एक अक्षरही गळलं नाही.

मग: ‘परवा पुन्हा झाडं —टकू.’

‘हव, बाबा.’