झऱ्याचा आधीचा फोटो

कळंबच्या वरच्या वाडीतला झरा दर होळीनंतर साफ व्हायचा. घरटी एक माणूस जायचं, गाळ उपसायचं, निसटलेले दगड पुन्हा रचायचं आणि दुपारच्या आत घरी यायचं. या कामाला कुणी नाव दिलं नव्हतं. ते केलं की वैशाखातही हंडा भरतो, एवढं वाडीतल्या सोनुबाईला ठाऊक होतं.

यंदा काम उरकल्यावर तिसऱ्या दिवशी एका कंपनीचे रूपेश साहेब आले. डोक्यावर छापील टोपी, हातात फॉर्म.

"आम्ही तुमचा झरा रिस्टोअर करणार," ते म्हणाले.

सोनुबाईने शाळेतल्या तेजश्री बाईंकडे पाहिलं. "म्हंजी काय गं?"

"बिघडलेलं पहिल्यासारखं करणं, मावशी."

"मग बिघडलंय कुठं?"

साहेबांची अडचण तीच होती. फॉर्मवर दोन चौकोन होते, आधीचा फोटो आणि नंतरचा. नंतरचा समोरच तयार होता, नितळ, वाहता. आधीचा कुठून आणायचा?

"तुम्ही उपसलेला गाळ इथंच पडलाय," साहेब नम्रपणे म्हणाले. "फोटोपुरता परत टाकू. लगेच काढू."

"पानी रुसंल."

"मावशी, पाण्याला काय कळतं?"

गाळ टाकला. नुसता गाळ फोटोत उठून दिसेना, म्हणून थोडा कचराही टाकला. फोटो सुरेख आला. मंजुरीला तीन आठवडे लागले. तोवर काही हलवायचं नाही, असं वरून कळवलं गेलं. वाडीच्या बाया खालच्या नदीवरून पाणी वाहू लागल्या. मग फरशी आली, रेलिंग आलं, फलक आला. पाणी आलं नाही. गाळ घट्ट बसला होता आणि पाण्याने दुसरी वाट धरली होती. उद्घाटनाला टँकर मागवला. नंतरचा फोटो आधीच्याहून सुरेख आला.

टाळ्या चालू असतानाच सोनुबाई रिकामा हंडा घेऊन उताराला लागली. पन्नासेक पावलांवर, उंबराखाली, माती ओली होती. तिने पदर खोचला, एक दगड सारला, हाताने खरवडलं. बोटभर गढूळ पाणी साचलं, हळूहळू निवळलं.

मागून तेजश्री बाई आल्या. "मावशी, पाणी लागलं की हो!"

"हळू बोल गं," सोनुबाई दुसऱ्या दगडाला हात घालत म्हणाली. "फोटो काढाया येतील."