बाबांच्या हाताची रेघ

डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि म्हणाले, दहा दिवस हाताच्या थरथरीची नोंद ठेवा, मग गोळी वाढवायची की कमी करायची ते बघू. मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. बाबा, साहेबराव, लोह्याला आईसोबत. रोज जाणं-येणं कुठलं? मी बाबांच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. संध्याकाळी मोबाइल हातात धरायचा आणि पडद्यावरच्या गोलाला बोट लावायचं. हात किती हलतो, बोट कुठं टेकतं, ते त्याच क्षणी माझ्या लॅपटॉपवर रेघ होऊन येई.

दिवसभर फळ्यासमोर उभं राहून पाय भरून आलेले असत. तरी रेघ पाहिल्याशिवाय घास उतरत नव्हता. रेघ रोज सरळ. बोट गोलाच्या मधोमध. जीव भांड्यात पडला. पोरांना मी सांगतच असतो, आकडा खोटं बोलत नाही.

दहाव्या दिवशी त्या रेघा पाहून डॉक्टर म्हणाले, सोमवारपासून गोळी अर्धी करा. ही बातमी समक्ष सांगायची म्हणून रविवारी एसटीनं लोह्याला गेलो. बाबांनी जयभीम म्हणत तांब्या पुढं केला आणि अर्धं पाणी माझ्या पँटवर सांडलं.

"मोबाइल रोज धरता ना हातात?"

"धरते की," आई चुलीपासून म्हणाली. "भाकरी थापायच्या आधी. एक दिस चुकले न्हाई."

"तू? अगं, थरथर कुणाला हाय?" मी चिडलोच.

बाबांनी अंगठा दाखवला. "माझा झिजलाय, बाबू. राशनची मशीन घेत न्हाई. तिथं तुझ्या मायचाच चालतोय. घरातलं कुणी बी लावलं तरी हजेरी लागती, म्हून म्हणलं..."

राग कुणावर काढणार? ॲप टाकून "रोज बोट लावा" एवढंच सांगून मी क्लासला पळालो होतो. बाबांना समजावून सांगायला मला दहा मिनिटं मिळाली नव्हती. लाज वाटली.

पिशवीतून लॅपटॉप काढला आणि मोबाइल बाबांच्या हातात दिला. रेघ अशी वरखाली झाली की पडद्यात मावेना. बोट एकदाही गोलात पडलं नाही. दहा दिवस मी आईच्या हातावर खूश होतो.

बाबांनी दमून मोबाइल खाली ठेवला.

"आता लागली का हजेरी?"

"लागली, बाबा," मी म्हणालो. दहा दिवसांत ती पहिलीच होती.